नागपट्टीखालचा खंदक

मी एक जुना खंदक आहे. मित्रांनो, हे वाचून तुम्ही मला बघायला याल आणि तुमची खेप वाया जाईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आखाडा बाळापूरहून आत गढीसावळीला यायचं, गाव मागे टाकून मोहनसिंगांच्या माळावरच्या शेतात उभं राहायचं आणि चारी बाजूंना पाहायचं. तुम्हाला सोयाबीन दिसेल, बांधावरची बाभूळ दिसेल, आणि आता निळ्या प्लॅस्टिकचं एक शेततळं दिसेल. मी काही दिसणार नाही.

घर बांधतात, विहीर बांधतात, पूल बांधतात. मला कोणी बांधलं नाही. होती ती माती काढून टाकली आणि जी रिकामी जागा उरली तिला खंदक म्हणाले. पुढे ती जागाही बुजवली. म्हणजे मी आधी नसलेली माती होतो आणि नंतर नसलेला खंदक झालो. असल्या जन्माचा कोणी काय अभिमान बाळगावा! पण माझ्या पोटात माणसं होती. ती सांभाळणं एवढं एकच काम मला आयुष्यभर होतं, आणि ते मला जमलं नाही. म्हणून ही गोष्ट सांगतो आहे.

दोनशे वर्षं तरी झाली असतील. या माळाच्या टोकाला तेव्हा एक गढी होती. तिला वेढा द्यायला एक फौज आली. फौज कोणाची, गढी कोणाची, भांडण कशाचं, ते मला कोणी सांगितलं नाही. खणायला आणलेल्या माणसांनाही सांगितलं नव्हतं. आसपासच्या गावांतून, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून माणसं वेठीला धरून आणली, त्यांच्या हातात टिकाव आणि खोरी दिली आणि गढीच्या दिशेने बोट दाखवलं. खणत खणत तिकडे जा, एवढाच हुकूम.

इथली जमीन हलकी आहे. वर वीतभर माती, खाली नुसता मुरूम. टिकाव मारला की ठिणगी उडायची. मला सरळ खणता येत नव्हतं, कारण सरळ खणलं असतं तर गढीवरच्या तोफेचा एक गोळा माझ्यातून आरपार गेला असता. म्हणून मला वाकडं खणलं. थोडं डावीकडे, मग वळण, थोडं उजवीकडे, पुन्हा वळण. घोड्यावर बसलेला एक अंमलदार रोज येऊन मला न्याहाळायचा. एकदा तो समाधानाने हसला आणि ‘शाबास’ म्हणाला. ती शाबासकी मला होती की खणणाऱ्यांना, कोण जाणे. खणणाऱ्यांपैकी कोणी ती आपली मानली नाही.

त्यांच्यात एक गोमा होता. इथलाच, गढीसावळीचा. उंच, सडपातळ, मनगटात तांब्याचं कडं. ऊन डोक्यावर आलं की तो माझ्या मधल्या वळणावर सावलीत बसायचा आणि त्याची बायको जनका भाकर घेऊन यायची. पहारेकरी तिला त्या वळणापर्यंतच येऊ देत.

“किती खणायचं आजून?” ती विचारायची.

“गढीच्या भितीला टेकलं की झालं. मंग सोडतेत आमाला.”

“नक्की सोडतेत का?”

“आगं, सोडणार न्हाईत तर ठिवून काय करतेत?” म्हणून गोमा हसायचा आणि कांद्यावर बुक्की मारायचा. त्याचं हसणं मला आवडायचं. माझ्यात उतरलेल्या माणसांपैकी हसणारा तो एकटाच होता.

एक दिवस गढीवरून आलेला गोळा नेमका त्या वळणाच्या काठावर पडला. मुरमाची कड कोसळली आणि खाली बसलेली माणसं तिच्याखाली गेली. गोमाही गेला. बाकीचे टिकाव टाकून हातांनी माती उपसायला धावले, पण अंमलदाराने त्यांना हटकलं. काम थांबवायचं नाही, बाजूने वाट काढा आणि पुढे चला, असं तो म्हणाला. त्यांनी वाट काढली. पुढे गढी पडली. फौजेच्या गाड्या माळावरून न्यायच्या होत्या, म्हणून बाहेर काढलेली सगळी माती परत माझ्यात लोटली आणि वरून बैल फिरवले. ज्याच्यासाठी जन्माला आलो ते काम झालं आणि त्याच आठवड्यात मला मूठमाती मिळाली. गोमा आणि त्याच्या सोबत्यांना तेवढीही कोणी जाणूनबुजून दिली नाही.

जनका आली ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी. तिला कोणी जागा दाखवली नाही आणि तिला दाखवावी लागली नाही. मधल्या वळणावर ती बसली, भाकर ठेवली, कांदा ठेवला. रडली नाही. बराच वेळ हाताने माती चाचपत राहिली.

पुढच्या पावसाळ्यात शेताचा मालक नांगर घेऊन आला. माझी माती खाली बसली होती, तिच्यात ओल धरून होती, आणि उजाड माळावर एक हिरवी नागमोडी पट्टी उठली होती. जनका नांगरापुढे उभी राहिली. मालकाला खरं सांगावं, तर तो काय करील हे तिला पुरतं ठाऊक होतं. शेतात मढी आहेत म्हटल्यावर त्याने ती उकरून ओढ्यात फेकली असती. शिवाय तिच्यासारख्या बाईचं ऐकून कोण शेत सोडणार? म्हणून ती म्हणाली, “दादा, इथं नाग हाय. माज्या डोळ्यांदेखत शिरला. ही बघा त्याची वाट.”

मालकाने पट्टीकडे पाहिलं. डावीकडे, वळण, उजवीकडे, वळण. त्याने मुकाट्याने नांगर फिरवला.

मित्रांनो, माझ्या वाकडेपणाचा एवढा चांगला उपयोग त्या अंमलदारानेही केला नव्हता. त्या दिवसापासून मी नागपट्टी झालो. मालक बदलले, राज्यं बदलली, पण माझ्यावर कोणी खोल नांगर घातला नाही. वरवर वखर फिरवायचे, हात जोडायचे आणि पुढे सरकायचे. नागपंचमीला कोणी कोणी दूधही ओतून जायचं. ते दूध खाली गोमापर्यंत झिरपायचं का, ते मी सांगणार नाही.

आणि दर वर्षी करीला जनकाच्या घरची बाई बांधावर भाकर-कांदा ठेवून जायची. खरी गोष्ट त्या घरात फक्त सासू सुनेला सांगायची. लेकीला नाही. लेक परगावी नांदायला जाते, तिथे बोलता बोलता बोलून जाते, आणि गोष्ट फिरत फिरत मालकाच्या कानावर येते. सून मात्र इथेच राहते आणि इथेच मरते. असा त्यांचा हिशेब होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या बरोबर निघाला.

या घरातली आताची सासू म्हणजे भागूबाई. लग्न होऊन आली तेव्हा घरात नुकतीच बुद्धाची तसबीर लागली होती आणि जुने देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. भागूबाईने तिच्या सासूला विचारलं, आता ती करीची भाकरही सोडायची का? सासू काय म्हणाली ते भागूबाई पुढे दर वर्षी बांधावर बसून स्वतःशीच पुटपुटायची. “आमी देव सोडले. मान्सं न्हाई सोडली.”

वस्तीतल्या लोकांना हे कसं कळणार? त्यांना दिसायचं ते एवढंच, की सगळी वस्ती शहाणी झाली तरी भागूबाई अजून नागाला भाकर घालते. लोक टोमणे मारायचे. तरणी पोरं तर तोंडावर हसायची. भागूबाई एक शब्द बोलायची नाही. आपण अडाणी ठरलो तरी चालेल, पण नाग जिवंत राहिला पाहिजे, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. मला तिची फार कीव यायची.

तिने सुनेला गोष्ट सांगितली होती. पण ती सून तापाच्या साथीत गेली. मागे राहिली लहानगी नात, आकांक्षा. नात म्हणजे लेकच. तिला सांगायचं नाही, असा नेम.

आकांक्षा हुशार निघाली. लहान होती तेव्हा आजीचं बोट धरून बांधावर यायची आणि भांडायची. “आजी, आपण नागबिग मानत नाही. शाळेत मला पोरी हसतात.” भागूबाई म्हणायची, “बरं बाई,” आणि भाकर ठेवायची. पुढे ती पोरगी शिकली, हिंगोलीच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवायला लागली. तिच्या मनात ती भाकर मात्र काट्यासारखी राहिली. एक दिवस आजीला या नागातून सोडवायचंच, असं तिने ठरवलं होतं.

आता इथे ते आभाळातलं यंत्र आलं. उपग्रह म्हणतात त्याला. वरून फिरता फिरता तो जमिनीची चित्रं काढत असतो आणि घरबसल्या कोणालाही ती संगणकावर पाहता येतात. आकांक्षा जुन्या गढ्यांच्या खुणा शोधायची, म्हणून गढीसावळीची वेगवेगळ्या वर्षांची चित्रं तिने लावून पाहिली. पाऊसकाळ चांगला असतो त्या वर्षी मी चित्रात नसतो. सगळं रान हिरवं असतं, त्यात मी कुठला ओळखू येणार? पण एका श्रावणात पावसाने मोठी ओढ दिली होती. मुरमावरचं सोयाबीन पिवळं पडून माना टाकायला लागलं होतं, आणि माझ्या खोल मातीवरचं तेवढं हिरवंगार होतं. त्या चित्रात मी डोक्यापासून शेपटीपर्यंत स्पष्ट दिसत होतो. डावीकडे, वळण, उजवीकडे, वळण, आणि टोक बरोबर गढीच्या मातीच्या ढिगाकडे.

साप असा ठरावीक अंतरावर वळत नाही आणि गढीवर नेम धरून जात नाही. वेढ्यात असले वाकडे खंदक खणतात हे तिने वाचलं होतं. दोनशे वर्षांत पहिल्यांदा कोणी सांगितल्याशिवाय मला कोणीतरी ओळखलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अंगावर कोणीतरी हात ठेवल्यासारखं वाटलं. त्या आनंदाची मला आता लाज वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत ती चित्र मोठं छापून घेऊन आली. आधी आजीकडे जायचं, की मोहनसिंगांकडे? तिला वाटलं, शेताच्या मालकाने मान्य केलं की आजीला पटवणं सोपं. म्हणून ती थेट शेतात आली.

मोहनसिंग वाईट माणूस नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. बाप गेल्यापासून हा माळ एकट्याने कसतो. नागपट्टीवरून जाताना चप्पल काढतो. पावसाने दगा दिला की पीक करपताना पाहून तोही जेवत नाही. शेततळ्यासाठी तो किती वर्षं जागा शोधत होता. उताराची, पाणी आपोआप येईल अशी जागा एकच होती आणि तिथे नेमका नाग बसला होता.

“काका, हे बघा तुमचं शेत,” आकांक्षा म्हणाली. “आणि ही नागपट्टी. हा नाग नाही. हा खंदक आहे. लढाईचा.”

मोहनसिंगांनी चित्र उलटं धरलं, मग सुलटं धरलं. “आन् हिरवं काहून दिसून राहिलं?”

“खाली मुरूम खणलेला आहे ना. तिथं भुसभुशीत माती भरली आहे, खोलवर. ती ओल धरून ठेवते. बाकी रानात वीतभर खणलं की मुरूम लागतो, इथं लागत नाही.”

“म्हंजी इथं खणायला सोपं?”

“हो, अगदी,” ती हसून म्हणाली.

ऐकलंत, मित्रांनो? मी तिथेच होतो, तिच्या पायाखाली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

मोहनसिंगांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “पोरी, माजा बाप ह्या पट्टीला भेऊन मेला. म्या बी आयुष्यभर भेलो. बरं झालं सांगितलं. लई मोठं वज्झं उतरवलं बघ.” त्यांनी ते चित्र मागून घेतलं. तिने आनंदाने दिलं.

मग ती धावत जाऊन आजीला बांधावर घेऊन आली. भागूबाई काठी टेकत आली. आकांक्षाने तिला हाताने पट्टी दाखवली, सगळं समजावून सांगितलं. खंदक, गढी, तोफ, उपग्रह. शेवटी म्हणाली, “आता तुला भाकर ठेवायला नको, आजी. इथं नाग नाहीच.”

भागूबाईने विचारलं, “मोहनसिंगाला सांगितलं का तू हे?”

“आत्ताच सांगितलं. त्यांना पटलं.”

“कोणं सांगाय लावलं व्हतं तुला!”

आजी कधी अशी ओरडली नव्हती. आकांक्षा घाबरली. तिला वाटलं, म्हातारीची श्रद्धा दुखावली. ती समजूत घालायला लागली, तसा भागूबाईने तिचा हात झटकला.

“मला शिकवती का नाग न्हाई म्हून? मला म्हाईत न्हाई का? नाग कवाच नव्हता. नाग आमी केला, आमी बायांनी. तुज्या खापरपणजीच्या बी आधीच्या बाईनं.” आणि मग तिने सगळं सांगितलं. गोमा, जनका, मधलं वळण, नांगरापुढे उभी राहिलेली बाई. दोनशे वर्षांत पहिल्यांदा या घरातल्या लेकीने ही गोष्ट ऐकली. सांगायला उशीर झाला होता आणि ऐकायलाही.

आकांक्षाने विचारलं, “मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू लेक हायेस,” भागूबाई म्हणाली. “आन् शिकलेली. मला वाटलं, हसशील.”

दुसऱ्याच दिवशी आकांक्षा परत शेतात आली. मोहनसिंग उताराला खुंट्या ठोकत होते. तिने आधी आजीची शिकवण चालवून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती खोटं बोलत होती, आणि तेही तिला मुळीच न पटणारं. “काका, मी चुकले. इथं नाग आहे.”

मोहनसिंग इतके हसले की खुंटीवरचा हातोडा सुटला. “आगं, तूच तर त्याला मारलं काल!”

तेव्हा तिने खरं सांगितलं. मधल्या वळणाखाली माणसं आहेत, त्यातलं एक आमच्या घरचं आहे, तेवढी जागा सोडा. ती रडत होती. मोहनसिंगांनी हसणं आवरलं आणि खांद्यावरच्या टॉवेलने मान पुसली.

“हे बघ पोरी. इतके दिस नाग हाय म्हणून मानलं. काल खंदक हाय म्हणली, ते मानलं. आज आल्या आल्या पुन्ना नाग म्हणली, आन् आता मान्सं हायेत म्हणून राहिली. उद्या काय म्हणशील? आन् मान्सं असती तर तुज्या आजीनं मला येवढ्या वर्षांत बोललं नसतं का? एका गावातले आमी.”

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते सांगून त्यांना पटणार नव्हतं. माणसं असल्याचा पुरावा चित्रात नव्हता. उपग्रहाला हिरवं आणि पिवळं तेवढं दिसतं. जुन्या वास्तूंच्या कचेरीतही ती जाऊन आली. इथे कसली नोंद नाही, खासगी शेत आहे, असं तिथे तिला सांगितलं. एवढं होऊन मोहनसिंग तिच्यावर चिडले मात्र नाहीत. आपल्या घरात त्यांनी ते चित्र चौकटीत बसवून लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायला लागले. आमच्या गावच्या लेकीनं शोधलं, म्हणायचे.

उन्हाळ्यात पोकलेन आलं. ते चालवणारा मुन्ना दूरच्या गावचा होता, कानात गाण्याचं यंत्र घालून बसायचा. बाकी रानात मुरूम खरवडताना त्याचं यंत्र कुरकुरायचं, माझ्यावर आलं की सुरी भाकरीत जावी तसं जायचं. मधल्या वळणावर त्याने सुपडं खाली घातलं आणि वर काढलं. काळ्या मातीत पांढरं काहीतरी होतं. मुन्नाने यंत्र थांबवलं, खाली उतरला, वाकून पाहिलं. एक हिरवं पडलेलं कडं त्याच्या हाताला लागलं. ते त्याने फिरवून बघितलं.

मला वाटलं, आता हा हाक मारील. माझ्या उभ्या आयुष्यात मी तेवढी एक आशा केली.

तेवढ्यात ट्रॉलीवाला ओरडला, “काय झालं रे मुन्ना?”

“कुछ नहीं. जानवर की हड्डी है,” मुन्ना म्हणाला. हाडं निघाली म्हणून एकदा त्याचं काम अडून राहिलं होतं, चौकीत खेटे घालावे लागले होते. ते त्याने नंतर चहा पिताना कोणाला तरी सांगितलं. कडं त्याने मातीत टाकून दिलं आणि परत यंत्रावर चढला.

त्या आठवड्यात माझं मधलं सगळं अंग ट्रॉल्यांत भरून गेलं. तळ्याला प्लॅस्टिक अंथरलं, भोवती तारेचं कुंपण घातलं. माझं डोकं एका बाजूला राहिलं आणि शेपूट दुसऱ्या बाजूला. मधे पाणी. पावसाने ओढ दिली तेव्हा त्या पाण्यावर मोहनसिंगांचं सोयाबीन तगलं. ते त्यांना मिळायलाच हवं होतं. मी त्यांना दोष देत नाही आणि त्याचा मला काही उपयोगही नाही.

पोळा झाला, कर आली. भागूबाई भाकर घेऊन निघाली. आकांक्षा रजा काढून तिच्यासोबत होती. बांध जिथे होता तिथे तारा होत्या. तारांच्या आत निळा उतार आणि खाली पाणी. भागूबाईने तारेला धरून आत पाहिलं.

“भाकर आत टाकू का मी?” आकांक्षाने विचारलं.

“तिथं कोण हाय आता?” भागूबाई म्हणाली.

मोहनसिंग तळ्यावरच होते. म्हातारीला पाहून ते जवळ आले, नमस्कार केला, बसायला पोतं टाकलं. भागूबाई बसली नाही. “भाऊ, इथली माती कुठं टाकली?”

“कुठं म्हंजी? मागेल त्याला दिली, मावशी. थोडी ह्या रस्त्याच्या कडेला भरावाला पडली, थोडी बाळापूरला कोणाकोणाच्या प्लाटात गेली. काहून?”

“काही न्हाई. इचारलं.”

इतक्या वर्षांची सवय. ती त्यांना त्या दिवशीही काही बोलली नाही.

मग म्हातारी रस्त्याला लागली. मित्रांनो, त्या रस्त्याच्या कडेला पडलेली मातीही मीच आहे, त्यामुळे पुढचं मला तिथून दिसलं. भागूबाईने भाकर मोडली आणि एक तुकडा भरावावर ठेवला. चार पावलं चालली, आणखी एक तुकडा ठेवला. गोमा कुठे पडला असेल ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती सगळीकडे ठेवत निघाली. आकांक्षा मागून कांदा घेऊन चालत होती. गाड्या अंगावर धूळ उडवून जात होत्या. एक जीप थांबली, आतल्या बाईने विचारलं, “काय सांडलं का, आजी?” भागूबाईने मान हलवली. भाकर लवकरच संपली. रस्ता पुढे कितीतरी उरला होता.

“अजून एक आणायची होती,” आकांक्षा म्हणाली.

“किती आणशील?” भागूबाई म्हणाली आणि तिथेच मुरमावर बसली.

पुढच्या करीला ती आली नाही. तिचे गुडघे गेले आहेत, असं कानावर आलं. आकांक्षाही आली नाही. कुठे यायचं, हे तिला कोण सांगणार? घराला आता सूनही नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी काही मागायचं असतं म्हणून मागतो. तुमच्या हातात आभाळातून पाहणारे डोळे आले आहेत. त्यांनी खूप पाहा, शोधा. पण एखाद्या म्हातारीचं खोटं उघडं पाडायला निघाल तेव्हा आधी तिच्या शेजारी बसून विचारा, की आजी, हे कशावर पांघरलं आहेस? ती सांगायची नाही. तरी विचारा. माझ्या वेळी कोणी विचारलं नाही, आणि आता विचारून माझं काही परत येणार नाही. मोहनसिंग पुढच्या उन्हाळ्यात तळं वाढवणार आहेत, म्हणजे उरलेलं डोकं आणि शेपूटही जाईल.

यंदा पाऊस चांगला झाला आहे. सगळं रान हिरवं आहे. मी कुठेच दिसत नाही.